स्पंजाचं ओझं

दुरून पाहिलंत तर तुम्हाला वाटेल, दारामागच्या खुंटीवर कुणाचा तरी जुना रेनकोट लटकतोय. जरा जवळ या, मित्रांनो. मी सॅक आहे. विटलेली आहे, डाव्या कोपऱ्याला ठिगळ आहे, एक बक्कल मूळचं नाही, हे सगळं मान्य. पण सॅक आहे. पिशवी म्हणालात तर मला राग येईल.

माझा जन्म एका शिवणकामाच्या कारखान्यात झाला. तिथे ट्रकवर घालायच्या ताडपत्र्या, तंबू आणि गाड्यांच्या सीटा शिवतात. दिवसभर मोठाली मशीनं धडधडत असतात आणि माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात. एकदा एका ट्रकच्या मापाची ताडपत्री कापून एक चांगला मोठा तुकडा उरला. तिथे काम करणाऱ्या एका नव्या नवरीने मालकाला विचारून तो घरी नेला, जमिनीवर पसरला, खडूने रेघा मारल्या आणि त्यातून दोन सॅक बेतल्या. मोठ्या भागातून मी निघाले आणि उरल्यासुरल्यातून माझी धाकटी बहीण. मेण लावलेला दुहेरी दोरा, पट्ट्यांच्या मुळाशी आडवे-उभे टाके. शिवून झाल्यावर तिने मला दोन्ही हातांनी असं काही ओढून पाहिलं की माझा जीवच गेला असता! पण एक टाका हलला नाही. तेव्हा ती जे हसली, ते माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक.

त्या नवरीलाच मी काकू म्हणते. त्याचं कारण असं की त्यांचे यजमान कवळ्या बनवतात आणि गल्लीतली मुलं त्यांना कवळीकाका म्हणतात. मग काकांची बायको काकूच, नाही का? काकांची कामाची खोली घराला लागूनच आहे. शेल्फावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, टेबलावर गुलाबी मेण आणि कोपऱ्यात प्लास्टरच्या गोण्या. काकांचा स्वभाव असा की समोरचा माणूस हसला तर ते आधी त्याचे दात बघतात आणि मग हसण्याचं कारण विचारतात.

दर वर्षी ऐन हिवाळ्यात हे दोघं एक दिवस कामं बंद ठेवून रानात जायचे. सकाळच्या बसने शेवटच्या थांब्यावर उतरायचं आणि झाडांमधून चढत टेकडीवरच्या एका भल्यामोठ्या खडकापर्यंत पोहोचायचं. त्या खडकाला वरून चार टेंगळं आहेत, म्हणून काकांनी त्याचं नाव ठेवलं होतं दाढ. त्या दाढेवर बसून जेवायचं आणि उजेड आहे तोवर खाली उतरायचं, एवढाच त्यांचा बेत. पण वर्षभर त्याची वाट पाहत असत. मीही पाहत असे.

या सहलीचा त्यांचा एक नियम होता. पहिल्याच वर्षी वर पोहोचल्यावर 'मीठ कुणी विसरलं' यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. तेव्हापासून ठरलं की काकूंची सॅक, म्हणजे माझी बहीण, काकांनी भरायची आणि काकांची, म्हणजे मी, काकूंनी. दाढेवर पोहोचेपर्यंत आपली सॅक आपण उघडायची नाही. त्यातून मग एकमेकांसाठी काहीतरी लपवून ठेवायची खोड लागली. काकूंनी माझ्या तळाशी कधी नवी कानटोपी ठेवली, कधी काकांना आवडतात तसे खारे दाणे. आणि काका? एका वर्षी काकूंनी माझ्या बहिणीचं तोंड उघडलं तर डब्यावर बसून एक गुलाबी कवळी हसत होती. काकू अशा किंचाळल्या की आसपासचे सगळे पक्षी उडून गेले. उतरताना अर्ध्या वाटेपर्यंत त्यांनी अबोला धरला आणि उरलेल्या अर्ध्या वाटेत त्या आठवून आठवून हसत होत्या.

मित्रांनो, सॅकला एक गोष्ट कळते जी घरात दुसऱ्या कुणालाच कळत नाही. मी माणसाच्या पाठीला चिकटून बसते, त्यामुळे मला त्याचं काळीज ऐकू येतं. काकांचं काळीज मला पाठ होतं. चढावर ते कसं धावतं, थांबल्यावर कसं निवांत होतं, पुढे चालणाऱ्या काकू गाणं गुणगुणायला लागल्या की कसं खुशीत येतं, सगळं मला ठाऊक होतं. म्हणून गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर ते काळीज बिघडलं, तेव्हा माझा विश्वासच बसेना.

काका आपल्या कामाच्या खोलीतच कोसळले. काकू कारखान्यातून आल्या तेव्हा ते प्लास्टरच्या गोण्यांशेजारी पडलेले होते. पुढचं सगळं धावपळीचं. दार उघडत होतं, बंद होत होतं, अनोळखी माणसं येत-जात होती आणि मी दारामागे लटकून नुसती ऐकत होते. काकांच्या काळजावर इलाज झाला, ते घरी आले. पण त्या हिवाळ्यात रानात जाणं झालंच नाही. माझ्या खिशात कोळ्याने घर केलं. शेजारची छत्रीसुद्धा मला टोमणे मारू लागली, आणि ती तर वर्षातून चार महिनेही कामाला जात नाही!

काका बरे होत गेले, पण घर बरं झालं नाही. काकू त्यांना पाण्याची बादली उचलू देत नसत. खुर्ची सरकवायची झाली तरी त्या धावत येत. प्लास्टरची गोणी त्या स्वतः फरफटत आत नेत. "अहो, ठेवा ते! मी आहे ना," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मीही ते मनात म्हणू लागले. काका आधी थट्टा करायचे. "अगं, मला आता कपाटातल्या काचेच्या भांड्यांत ठेव," म्हणायचे. पुढे थट्टाही बंद झाली. कधीकधी ते दारापाशी यायचे, माझा पट्टा हातात धरून उभे राहायचे आणि तसेच परत आत जायचे. मला तेव्हा फार वाईट वाटायचं. माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी.

या हिवाळ्यात दोघं तपासणीहून परत आले ते दारातच भांडत. डॉक्टर म्हणाले होते, आता सगळं करा, फक्त जपून. काकांनी त्यातलं 'सगळं करा' तेवढं ऐकलं होतं आणि काकूंनी 'जपून' तेवढं.

"रानात जायचंय मला," काका बूट काढता काढता म्हणाले. "दाढेपर्यंत. पाठीवर सॅक घेऊन, दर वर्षीसारखं."

"पुढच्या वर्षी बघू."

"मागच्या वर्षीही पुढच्या वर्षी बघू म्हणालीस."

काकूंनी त्यांचे बूट उचलून जागेवर ठेवले. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पण जेवण, पाणी, चहा, सगळं माझ्या सॅकमध्ये. तुमच्यात मी हलकंफुलकं भरीन."

हलकंफुलकं म्हणजे काय, ते मला आदल्या संध्याकाळी कळलं. काकूंनी कारखान्यातून सीटांच्या कामात उरलेले स्पंजाचे तुकडे आणले होते. ते त्यांनी माझ्यात कोंबले, वरून थोपटून मला छान गोल आकार दिला आणि बक्कल लावलं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, काय गच्च भरलेली सॅक आहे! मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ ओझी वाहिली. भिजलेले तंबू नेले, एकदा तर एक आख्खा भोपळा नेला. पण स्पंजाचं जेवढं ओझं झालं, तेवढं मला कशाचंच झालं नाही.

सकाळी काकू आंघोळीला गेल्या आणि काका दारापाशी आले. त्यांनी मला उचललं, हाताने जोखलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा नियम मोडला. माझं बक्कल उघडून आत हात घातला. स्पंजाचा एक तुकडा बाहेर काढला, मुठीत दाबला, सोडला. तो पुन्हा फुगला. काका बूट घालायच्या स्टुलावर बसले आणि त्या तुकड्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते चिडतील. ते चिडले नाहीत, पण त्यांचा चेहरा इतका उतरला की चिडले असते तर बरं, असं मला झालं.

मग एकदम उठले आणि भराभर कामाला लागले. माझ्यातला स्पंज बहिणीत गेला. बहिणीतला स्टीलचा डबा, चहाचा थर्मास, संत्री आणि पाण्याची मोठी बाटली माझ्यात आली. लहान बाटली आणि घोंगडी तेवढी त्यांनी बहिणीत राहू दिली. दोन वर्षांनी माझ्या पट्ट्यांना ताण बसला. खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ उसवलेच.

बसथांब्यावर काकूंनी बहिणीला खांद्यावर नीट केलं आणि त्या म्हणाल्या, "सगळं घेतलंत ना? हलकी वाटतेय."

"वर्षभर गोण्या उचलतेयस. अंगात ताकद आलीय तुझ्या," काका म्हणाले. काकूंना ते पटलं. कौतुक माणसाला लवकर पटतं.

रानात पोहोचलो तेव्हा झाडांवरून पातळ धुकं निघत होतं. गवताचं पातं न् पातं गोठलेलं होतं आणि पावलाखाली करकर वाजत होतं. कुठेतरी सुतार पक्षी खोडावर टकटक करत होता. काकू पुढे, काका मागे. मी काकांच्या पाठीला घट्ट बिलगून कान लावला. सुरुवातीला त्यांचं काळीज भलतंच धडधडत होतं. सपाट वाटेवर एवढं कशाला, ते मला कळेना. मग लक्षात आलं की ही चढाची धडधड नाही, चोरीची आहे. हळूहळू ती निवळली.

काकू दर वळणावर मागे वळायच्या. "दमलात का? बसायचं?"

"पाठीवर काही नसताना दमायचं कशाला?" काका म्हणायचे.

त्यावर काकू घाईघाईने पुढे बघायच्या. आपला स्पंज यांना कळला की काय, अशी त्यांना धास्ती. आणि काकांना वाटायचं, आपला डबा हिला कळला की काय. मला दोन्ही बाजूंचं माहीत होतं आणि बोलता येत नव्हतं. तुम्हीच विचार करा, माझी काय अवस्था झाली असेल!

पुढे ओढा लागला. कडेला पातळ बर्फ धरलं होतं आणि मधल्या दगडांवरून उड्या मारत जायचं होतं. काकांनी उडी मारली आणि माझ्या पोटात थर्मास डब्यावर आपटला. खण्णकन आवाज झाला.

काकू पलीकडच्या काठावर थबकल्या. "काय वाजलं?"

"माझ्या दाढा," काका म्हणाले. "थंडीने."

काकूंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि त्या पुढे निघाल्या.

ओढ्यानंतर खरा चढ सुरू होतो. तिथे वाट अरुंद होते आणि झाडांची मुळं पायऱ्यांसारखी वर आलेली आहेत. वर वाटेवर बर्फ साचलेलं होतं आणि काका एकेक पाऊल टाकत चढत होते. श्वास मोठा झाला होता, काळीज जोरात पळत होतं. पण मित्रांनो, ते सरळ पळत होतं. जुन्या हिवाळ्यांमध्ये याच चढावर जसं पळायचं, अगदी तसंच. चढ संपत आला तेव्हा ते एका झाडाला हात टेकून थोडे वाकले. दर वर्षी ते तिथे असेच वाकतात. त्यात नवीन काहीच नव्हतं.

पण काकूंनी वळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"बसा! आधी बसा खाली! काढा ते पाठीवरचं!"

त्या धावत आल्या, काका काही बोलायच्या आत त्यांनी माझे पट्टे त्यांच्या खांद्यांवरून ओढले आणि मला उचललं. त्यांचे हात एकदम खाली गेले. ज्या हातांनी मला शिवलं, त्यांना माझं वजन वेगळं सांगावं लागत नाही. काकूंनी मला तिथेच बर्फावर ठेवून उघडलं. डबा. थर्मास. पाण्याची बाटली. संत्री. मग त्यांनी बहिणीला उघडलं. घोंगडी, आणि खाली त्यांचाच स्पंज.

"मला फसवलंत तुम्ही," काकू म्हणाल्या.

"सुरुवात कुणी केली?"

"हसण्यावारी नेऊ नका! काही झालं असतं तर? इथे मी कुणाला हाका मारल्या असत्या? या झाडांना?" आणि त्या रडायलाच लागल्या. वर्षभरात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. सगळं रडू साठवून ठेवलं होतं की काय, कोण जाणे. "त्या दिवशी तुम्ही जमिनीवर होतात. मी नाव घेऊन हाका मारत होते आणि तुम्ही ऐकत नव्हतात. तुम्हाला नाही आठवणार. मला रोज आठवतं. चला, खाली जाऊ. मला नको ती दाढ आणि काही नको."

काकांनी त्यांना रडू दिलं. मग शांतपणे बोलले. "अगं, वर्षभर मी घरात आहे पण कशातच नाही. बादली तू उचलतेस, गोणी तू ओढतेस, दारसुद्धा तू उघडतेस. जेवायला बसतो तेव्हा पाहुणा असल्यासारखं वाटतं. मी बरा झालोय गं. तुझंच आजारपण अजून उतरलं नाही."

इथून वाट दोन्हीकडे जात होती. वर दाढ, खाली बस. मला ठाऊक होतं की आज खाली गेलो तर काका पुन्हा कधी रानाचं नाव काढणार नाहीत. काकाही ते जाणून होते.

ते वळले आणि काकूंकडे पाठ करून उभे राहिले. "डॉक्टरांचं राहू दे. माझंही राहू दे. तू ऐक, आणि तू ठरव. तू म्हणशील तसं."

काकूंनी डोळे पुसले. मी जिथे चिकटून बसले होते, तिथला कोट अजून उबदार आणि घामाने ओलसर होता. तिथेच त्यांनी कान टेकला. मित्रांनो, काकू आयुष्यभर मशीनवर बसल्या आहेत. मशीन बिघडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो आणि तो आख्ख्या कारखान्यात आधी काकूंच्या कानाला कळतो. त्यांनी डोळे मिटले. किती वेळ ऐकत होत्या, मला सांगता येणार नाही. झाडांवरून बर्फाचा भुगा पडत होता, तोही त्यांनी झटकला नाही. आज सकाळपासून मी जे ऐकत होते, ते आता त्या ऐकत होत्या. दमलेलं काळीज हळूहळू निवांत होत होतं. एक ठोका, मग दुसरा, दोन्हींमध्ये सारखंच अंतर.

शेवटी त्या सरळ झाल्या.

"टाका सरळ पडतोय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे चला वर." आणि त्यांनी वाकून बर्फावरचं सामान दोन ढिगांत केलं. थर्मास आणि संत्री बहिणीत, डबा आणि पाणी माझ्यात. काका मला उचलायला आले, तेव्हा काकूंचे हात सवयीने पुढे झाले होते. ते त्यांनी मुद्दाम कोटाच्या खिशात घातले. बायकोचे हात खिशात राहायला किती मेहनत लागते, ते मी त्या दिवशी पाहिलं.

दाढेवर बर्फ साचलं होतं. तेव्हा स्पंजाचा अखेर उपयोग झाला. दोघं त्यावर ऐसपैस बसले. बटाटे गार झाले होते, पाव कडक झाला होता, पण दोघं असे जेवले की जणू वर्षभर उपाशी होते. थर्मासमधला चहा मात्र वाफाळता होता. खाली झाडंच झाडं आणि त्यांच्यावर हिवाळ्यातलं स्वच्छ ऊन.

"यंदा माझ्यासाठी काय लपवलंत?" काकूंनी विचारलं.

"आख्खं जेवण लपवलं! आणखी काय हवं तुला?"

काकू खो-खो हसल्या आणि काकांनी नेहमीप्रमाणे आधी त्यांचे दात पाहिले.

उतरताना ओढ्यापाशी काकू थांबल्या. काठावर एक चपटा, गुळगुळीत दगड पडला होता. ताडपत्री कापताना तिचं टोक हलू नये म्हणून त्यावर वजन ठेवावं लागतं. काकूंनी तो दगड दोन्ही हातांत घेऊन जोखला आणि त्यांना तो पसंत पडला. मला वाटलं, आता हा बहिणीत जाणार. पण काकू काकांच्या मागे आल्या.

"थांबा जरा," म्हणाल्या. माझं बक्कल उघडलं, दगड आत ठेवला, बक्कल लावलं आणि मला वरून एक थाप दिली.

"जड आहे गं," काका म्हणाले.

"आहेच. म्हणून तर तुमच्याकडे दिला."

काकांनी पट्टे घट्ट केले. त्यांच्या पाठीला बिलगून मी जे ऐकलं, ते शब्दांत सांगणं मला जमणार नाही. काकूंनी गाणं गुणगुणल्यावर त्यांचं काळीज जसं होतं, त्याहूनही ते खुशीत होतं.

तर मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. जुन्या वस्तूंना जपा, असं तुम्हाला बऱ्याच जणांनी सांगितलं असेल. मीही सांगते. उसवलं तर शिवा, भिजलं तर वाळवा, खिशात कोळी शिरला तर त्याला बाहेर काढा. पण जपता जपता आम्हाला नुसतं स्पंजाने भरून ठेवू नका. तुमच्या घरात कुणी मोठ्या दुखण्यातून उठलेलं असेल, आजोबा असतील, मावशी असेल, तर त्यांनाही नका भरून ठेवू. डॉक्टर काय म्हणाले ते पूर्ण ऐका, सुरुवातीला त्यांच्या जवळून चाला. आणि एके दिवशी तुमच्या हातातलं थोडं जड काहीतरी त्यांच्याकडे द्या आणि म्हणा, धरा हो जरा हे, मला एकट्याने जमत नाहीये.

मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघा.